साहेबांच्या सासूबाई आणि माझं पक्कं होणं

मला सरकारी नोकरी लागली तेव्हा आईनं पेढे वाटले आणि वडिलांनी उपदेश. वडील भिलाईच्या प्लांटमध्ये क्लार्क, नियम कोळून प्यायलेले. "तुले तीन वर्षं परिवीक्षा आहे. साहेब म्हणन ते कर. कावून, कशाले, असं विचारत बसू नको," ते म्हणाले.

आमच्या छत्तीसगडात नव्या कर्मचाऱ्याला तीन वर्षं पारखून घेतात. पूर्ण पगार, पक्की नोकरी, सगळं त्यानंतर. वांगं घेतानाही आपण दाबून पाहतोच, मग सरकारनं माणूस का दाबू नये?

माझं लग्नही तिथंच अडकलं होतं. मुलगी दुर्गातल्या बोरसीची, कॉलेजपासूनची. आमचं जमलंय हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. पण तिचे वडील नागपूरकडचे रेल्वेवाले, त्यांचा सिग्नल लाल. "पोरगा पक्का होऊ द्या, मंग तारीख काढू." कच्चा जावई त्यांना पचत नव्हता. ती म्हणाली, "थांबीन ना मी." तिच्यावर माझा फार जीव होता, म्हणून मीही आदर्श कर्मचारी व्हायचं ठरवलं.

साहेबांचा वर्षअखेरचा शेरा म्हणजे माझं नशीब. बुधवारी ते गुरुवार म्हणाले, तर मी कॅलेंडरकडे संशयानं पाहायचो. त्यांच्या नेहरू नगरच्या घरातला कूलर, गॅस, पाण्याचा फिल्टर, सगळं बघायचं काम माझ्याकडे होतं. ही राज्याचीच सेवा आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा मुलीकडचे तिला घेऊन रीतसर आमच्या क्वार्टरवर आले. आईनं सकाळपासून खपून पाटवडीचा रस्सा केला होता. पाण्याचे ग्लास फिरले आणि माझा फोन वाजला. साहेबांच्या सासूबाई दुर्ग स्टेशनवर उतरणार होत्या आणि ड्रायव्हर सुट्टीवर होता. "आप देख लीजिए," साहेब म्हणाले.

"स्टेशनवर ऑटो मिळते ना," मुलगी म्हणाली. "सांगून दे, घरी पाहुणे आहेत."

मी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी दाराकडे पाहिलं. मी निघालो.

स्वतःची होणारी सासू सोफ्यावर सोडून मी दुसऱ्याची सासू आणायला गेलो. गाडी अर्थातच लेट. सासूबाईंनी लोणच्याची बरणी माझ्या हातात देत विचारलं, "नए ड्राइवर हो?" मी म्हणालो, "जी."

घरी परतलो तेव्हा मंडळी गेली होती. होणारे सासरे मात्र खूश होते म्हणे. 'पोरगं आज्ञाधारक आहे, पक्कं होऊनच जाईन,' असं प्रशस्तिपत्र देऊन गेले. मुलगी काय म्हणाली, ते आईनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग आदेश आला. मी पक्का झालो. पेढे घेऊन थेट बोरसीला गेलो. तिच्या वडिलांनी लगेच पंचांग उघडलं. ती समोर येऊन बसली.

"बाबा, तारीख पाहू नका. तीन वर्षं मीबी याले पाहूनच राहिली होती."

"मंग? काय कमी आहे पोरात?"

"त्या दिवशी यानं मले इतकंबी नाही विचारलं, की जाऊ का. उद्या मी हॉस्पिटलात असली आन् साहेबाचा फोन आला, तर हा कुठं जाईन?"

तिचा आवाज शांत होता. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला सांगायचं होतं, की हे सगळं तुझ्यासाठीच केलं. आणि ते खरंही होतं.

तिचे वडील गोंधळले. पंचांग मिटून मला म्हणाले, "तुमी जा आता घरी. मी समजावतो तिले."

ती माझ्याकडे पाहत होती. मी उठू नये, तिच्यासमोर तसाच बसून राहावं, तिच्याशीच बोलावं, एवढंच तिला हवं होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं.

"हो, काका," मी म्हणालो, आणि उठलो.