न मानवलेली गोळी

वडगाव रासाईच्या नकुशीनं कांद्याच्या वाफ्यात धाकट्या धनश्रीच्या पाठीत धपाटा घातला, आणि तिची तिलाच भीती वाटली. अडीच वर्षांच्या पोरीनं पाण्याचा तांब्या लवंडला होता, एवढंच. खुरपं टाकून नकुशी बांधावर बसली आणि पोरीला पोटाशी धरून हमसाहमशी रडली.

ही गोष्ट १९९९ सालची. नकुशीचे वडील मेंढरं राखायचे; ती मात्र मामाकडं राहून नववीपर्यंत शिकलेली, बोलायला खमकी. दोन मुली पुरेत, हे तिनं आणि नवऱ्यानं, मल्हारनं, मिळून ठरवलं होतं. मल्हार कारेगावला कंपनीत होता. आरोग्य उपकेंद्रातून दिवस न जाण्याच्या गोळ्यांचं पाकीट तिनंच आणलं आणि रोज न चुकता गोळी घेतली. दुसऱ्या महिन्यापासून डोळ्यांपुढं नागमोडी उजेड नाचायचा आणि मागोमाग अर्धं डोकं ठणकायला लागायचं. मन कशातच लागेना. सासूबाई, साखरबाई, म्हणायच्या, "नातू झाला की समदं थांबंल."

शेजारची शितल तीच गोळी घ्यायची. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं. त्यामुळं नकुशीला वाटायचं, खोट आपल्यातच आहे.

धपाट्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा सुरू केल्या. डोकं दुखलं की गोल, विनाकारण रडू आलं की फुली. महिना सरल्यावर पान फाडून ती उपकेंद्रात गेली. सिस्टर गडबडीत होत्या.

"सुरवातीला होतं गं असं. सवय होईल."

"सहा महिने झालं की, सिस्टर. कवा व्हायची सवय?"

"मग बंद कर. पण तिसऱ्यांदा दिवस गेले तर माझ्याकडं रडत येऊ नको."

नकुशी जागची हलली नाही. "मूल नको, हे माझं ठरलंय. पर असं जगायचंबी न्हाई. दोन्हीवर इलाज करणारं कोण हाय, त्येचं नाव द्या."

शेवटी सिस्टरनी शिरूरच्या एका डॉक्टरबाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. जायच्या दिवशी साखरबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मल्हार एवढंच म्हणाला, "आये, डोकं तिचं दुखतंय. तिला जाऊ दे." त्यानं कामावर खाडा केला आणि दोघं एसटीनं शिरूरला गेली.

डॉक्टरबाईंनी रक्तदाब बघितला, पान टेबलावर पसरलं. "हा उजेड डोकं दुखायच्या आधी दिसतो?" त्यांनी दोनदा विचारलं. "मग ही गोळी आजपासून बंद. अशा डोकेदुखीत ती धोक्याची असते. आणि मनाचं म्हणाल, तर काही जणींना गोळीनं असंही होतं. तुम्ही खोटं बोलत नाही आणि मनानं कच्च्याही नाही."

नकुशीनं पदर डोळ्यांना लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच बाहेरच्या कुणी तिचं खरं मानलं होतं.

डॉक्टरबाईंच्या सल्ल्यानं तिनं गोळीऐवजी तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेतली. पहिले तीन महिने अंगावरून फार जायचं, कंबर धरायची. साखरबाई रोज टोमणा मारायच्या. नकुशीनं दात-ओठ खाऊन ते दिवस काढले, तपासणीच्या तारखा पाळल्या. हळूहळू अंगावरचं जाणं आटोक्यात आलं, डोकं हलकं झालं, आणि पोरींवर उगाच उठणारा हात थांबला.

पुढं २००८ साली गावात आशा, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, नेमायची ठरली, तेव्हा नकुशीनं पहिल्याच दिवशी अर्ज दिला. निवड झाल्यावर ती घरोघर जायची. सुनांना सांगायची, "गोळी वाईट न्हाई. लय जणींना मानवती. मला न्हाई मानवली. तुला कशी हाय, ते इचारायला मी पंधरा दिवसांनी येणार."

आणि यायचीच. एकदा म्हस्कू नावाच्या गड्यानं तिला ओसरीवरच अडवलं. "पाकीट द्या आन् जावा. बायकांच्या मनातलं कशाला इचारता?"

"त्येच तर इचारायला आले," असं म्हणून नकुशी त्याच्या बायकोशेजारी मांडी घालून बसली.