कुंपणावरची कळलावी
परवा नर्सरीत कळलावीचं रोप दिसलं आणि अकोल्यातला लग्नानंतरचा पहिला पावसाळा आठवला. अचलपूरच्या माहेराहून मी या रानवेलीचा कंद आणून कुंपणाशी लावला होता. कोंब वर येताच सासूबाईंनी तो कंदासकट उपटला. “काहून लावून राहिली हे? घरात भांडणं लावते हे वेल.” मी म्हणाले, “आई, फुलं तर येऊ द्या, पाखरं येतील,” आणि कंद पुन्हा पुरला. त्यांनी पुन्हा उपटला, मी पुन्हा पुरला. आमचं बोलणंच बंद झालं. शेवटी त्या थकल्या. श्रावणात कुंपण लाल-पिवळ्या फुलांनी पेटलं, फुलपाखरं आली, आणि एका सकाळी इवलासा जांभळा शिंजीर पक्षी फुलाला लोंबकळून मध पिऊ लागला. सासूबाई हातात चहाचा कप धरून तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात शेजारीण फाटकातून ओरडली, “उपटून टाका ते, घरात भांडणं लागतील!” सासूबाई म्हणाल्या, “आमचं भांडण होऊन गेलं. तू हळू बोल, पाखरू उडन.” आता त्या नाहीत. वेल मी अजून राखते, आणि कुणी उपट म्हणालं की त्यांचंच उत्तर देते.