दैवशालाचं गायब झालेलं वाक्य

दैवशालाला हळू बोलताच येत नाही. केदारखेड्यात संध्याकाळी ती शेतांमधल्या पांदीच्या तोंडाशी उभी राहून शेळ्यांना हाक मारते, तेव्हा पलीकडच्या वस्तीवर चहा पिणारा माणूसही कप खाली ठेवतो. हाक ठरलेली. "ये रांडे, जल्दी घरला चल, तुह्या बापाचं रान हाय का ते?" शिवी म्हणायची तर म्हणा. शेळ्यांना ती शिवी वाटत नाही, गावालाही कधी वाटली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं याच हाकेवर कळप वळवला, आणि याच हाकेमुळे ती सिनेमात गेली.

गेल्या साली सिनेमावाले गावात उतरले होते. शेळ्या राखणारी बाई म्हणून त्यांनी एक नटी आणली होती. शेळ्या तिच्याकडे ढुंकून बघेनात. मागून दैवशाला ओरडली आणि सगळा कळप गर्रकन फिरला. दिग्दर्शकानं नटीला खुर्चीत बसवलं नि हिलाच उभं केलं. एकच वाक्य. तेच, रोजचं.

तिची पोरगी मोनिका अकरावीत. आपली माय सिनेमात बोलते, हे सांगायला तिनं कॉलेजात एकही माणूस शिल्लक ठेवला नाही. सिनेमा जालन्याला लागला तशी भावकी दोन जीपांत कोंबून निघाली. वाटेत जुन्या जालन्यात दैवशालासाठी साडी घेतली, आणि बया ती तिथेच दुकानात नेसून थेटरात शिरली.

पडद्यावर दैवशाला आली. मानेच्या शिरा तट्ट, तोंड हे एवढं उघडं. आणि आवाजच नाही. मागचा वारासुद्धा ऐकू येईना. ओठ हलत राहिले, शेळ्या कुणी न बोलावता वळल्या, दैवशाला गेली. पुढच्याच प्रसंगात एक नवरा बायकोला पट्ट्यानं बडवत होता. त्याचा मात्र एकेक फटका खणखणीत ऐकू आला.

यंत्र बिघडलं असणार म्हणून मोनिका अंधारात धडपडत वर मशीनवाल्याकडे गेली. त्यानं मानही वर केली नाही.

"काही बिघडलं न्हाई, पोरी. सेन्सॉरनं आवाज काढलाय तेवढा."

मोनिका जिना उतरू लागली. माय काय बोलली होती, ते तिला पाठ होतं. त्यात सरकारनं घाबरावं असं काय होतं?

पण खरा धक्का पुढेच होता. सकाळपर्यंत गावात एकच विषय: दैवशाला नेमकं बोलली काय? ज्यांनी ती हाक जन्मभर ऐकली, तेच आता म्हणू लागले की रोजची हाक सरकार कशाला पुसेल? काहीतरी भलतंच बोलली असणार. तिचा चुलत दीर कडूबा हॉटेलात बसून तिच्यासारखे ओठ हलवून दाखवायचा आणि बाकीचे अंदाज बांधायचे. एकेक अंदाज असा की लिहायची सोय नाही. मोनिकाचा बाप परमेश्वर रात्री जेवताना एवढंच म्हणाला की शूटिंगच्या दिवशी आपण मंठ्याला गेल्तो, तू काय बोललीस ते आपल्याला माहीत न्हाई. नवऱ्यानंसुद्धा! दैवशालानं ताट सरकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून हाक बंद केली. हातात काठी घेऊन मुकाट शेळ्यांमागं पळायची.

मोनिकानं दिग्दर्शकाचा नंबर मिळवला. माणूस गोड बोलला. सेन्सॉरनं एकच शब्द काढायला सांगितला होता, पण तेवढाच काढला तर उचकी लागल्यासारखं वाटत होतं, म्हणून आम्ही अख्खं वाक्यच घालवलं, म्हणाला.

"मंग त्या बाईला पट्ट्यानं मारलं, ते?"

"त्याला त्यांची हरकत नव्हती."

फोन ठेवला तरी मोनिका मोबाईलकडे बघत राहिली. पट्ट्याचे फटके लहान पोरांनी आईबापाशेजारी बसून ऐकायचे आणि शेळीला मारलेली हाक ऐकायची नाही. हे ठरवणारी माणसं कुठं बसतात, तिथं पांद असते का, शेळ्या असतात का, विचारायचं कुणाला? तिनं सेन्सॉरला मेल केली. उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं.

त्या आठवड्यात शेळ्या कडूबाच्या तुरीत घुसल्या. दैवशाला बांधावरून टाळ्या वाजवत पळत होती, शेळ्या खात होत्या. कडूबा शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून मजा बघत होता, शेजारी आणखी दोघे.

"वहिनी, हाक मारा की," तो म्हणाला. "का दिल्लीहून परवानगी यायची हाय?"

कॉलेजातून येणारी मोनिका वाटेतच थांबली. पाठीवरची बॅग तिनं खाली टाकली, बांधावर चढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "ये रांडे, जल्दी घरला चल, तुह्या बापाचं रान हाय का ते?"

कडूबाचं हसू तोंडातच राहिलं. त्याच्या शेजारचे दोघे खाली बघू लागले. कॉलेजात जाणाऱ्या पोरीच्या तोंडून असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. एका शेळीनं मान वर केली, मोनिकाकडे पाहिलं आणि पुन्हा तुरीत तोंड घातलं.

दैवशाला मात्र जागच्या जागी थिजली होती. मग तिचा आवाज फुटला. "रांडे, यासाठी कॉलेजात घातली का तुला? चारचौघांत तोंड उघडून राह्यली! चल, जल्दी घरला चल, तुह्या बापाचं रान हाय का ते?"

आणि तुरीतून शेळ्या निघाल्या. एकामागून एक, कडूबाच्या पायाजवळून.

"हेच बोलल्ती ती सिनेमात," मोनिका कडूबाला म्हणाली. "बराबर हेच."

पांदीतून पुढे शेळ्या, मागे मोनिका आणि तिच्या मागे दैवशाला घरापर्यंत पोरीला शिव्या देत गेली. पलीकडच्या वस्तीपर्यंत एकेक शब्द ऐकू जात होता.