वैनगंगेकाठची शेवंड

मालवणच्या धक्क्यावर आगबोटीत चढले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि नारळांचं भलंमोठं पोतं होतं. शिवाय काखोटीला आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली, तीही फडक्यात गुंडाळलेली. निरोप द्यायला आलेल्या शेजारणी आपसांत हसत होत्या. हसू देत. मला काही देवदर्शनाला जायचं नव्हतं. मी माझ्या बहिणीला जेवू घालायला चालले होते, आणि तेही थेट चांदा जिल्ह्यात, जिथे समुद्र कशाशी खातात हेही कुणाला ठाऊक नसेल अशी माझी पक्की समजूत होती.

माझी धाकटी बहीण कुसुम तिकडे दिलेली. तिचे यजमान वसंतराव जंगलखात्यात रेंजर. लग्नानंतर वर्षभर सगळं छान होतं. मग तिला दिवस गेले आणि अन्न तोंडाला लागेनासं झालं. रजेवर आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी निरोप आणला की ती पेजेवर जगते आहे आणि एकच धोशा लावून बसली आहे: घरच्या परसात भाजलेली शेवंड (कोळंबीसारखाच, पण जाड कवचाचा समुद्रातला मोठा जीव) हवी. आईने ऐकलं मात्र, हातातलं सूप खाली ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण इतका लांबचा प्रवास तिला अशा अंगाने झेपणार कसा? तेव्हा हुकूम सुटला की मी जायचं, तिला खाऊपिऊ घालून उभी करायची आणि घेऊनच यायचं. एकटीने परत आलीस तर उंबरा ओलांडू नकोस, असंही आई म्हणाली.

मला का धाडलं याला कारण होतं. आमच्या वाडीत शेवंड माझ्यासारखी कुणी भाजत नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त नाही म्हणत नाही. शेवंडीचं शेपूट कवचासकट उभं चिरायचं, हळद, मीठ, लसूण नि आगळ चोळायचं, वर खोबरेलाचा हात फिरवायचा आणि करवंट्यांच्या निखाऱ्यावर पाठ खाली करून ठेवायचं. कवच लाल होतं, रस आतल्या आत उकळतो आणि चार घरांतली माणसं काहीतरी निमित्त काढून कुंपणाशी येतात. पण शेवंड चांद्यापर्यंत न्यायची कशी? ती बुद्धी मला आगबोट सुटल्यावर सुचली. म्हटलं, जाऊ तर खरं, तिथे काहीतरी मिळेलच.

मुंबई, मग वर्धा, मग चांदा. गाडीतून उतरले तर स्टेशनावर वसंतराव उभे. लग्नात घोड्यावर मावत नव्हते ते गृहस्थ इतके उतरले होते की मला ओळखायला वेळ लागला. कुसुम कशी आहे विचारलं तर म्हणाले, तुमची वाट पाहते आहे. आणि माझं पोतं खांद्यावर घेऊन चालू लागले. मोटारअड्ड्यावर जाताना गावाभोवतीचा जुना दगडी परकोट दिसला. एरवी मी तो वेशीपासून वेशीपर्यंत पाहिला असता, पण त्यांचा चेहरा पाहून माझे पाय मोटारीकडेच वळले.

आणि मग तो रस्ता! फाल्गुन होता. पळसाच्या झाडांवर औषधाला पान नव्हतं, नुसती फुलं. मैलच्या मैल रान केशरी झालेलं. मध्येच मोहाची झाडं, आणि खाली टोपल्या घेऊन फुलं वेचणाऱ्या बाया. गोडसर, आंबूस वास मोटारीत शिरत होता. मी या खिडकीतून त्या खिडकीत अशी वाकून पाहत होते की शेजारच्या म्हाताऱ्या गोंड आजोबांनी आपली खिडकीची जागाच मला देऊन टाकली. माझं पोतं चाचपून ते म्हणाले, "एवढे नारळ! कोन्या देवाचा नवस हाय, बाई?"

मी सांगितलं, देव म्हणजे माझी बहीण, पोटुशी आहे नि जेवत नाही. आजोबांनी धोतराच्या ओच्यातून मूठभर मोहफुलं काढून माझ्या पदरात घातली आणि तिला भाजून द्यायला सांगितलं. मी बदल्यात नारळ दिला. तो त्यांनी आधी कपाळाला लावला.

मोटार वैनगंगेच्या काठाशी थांबली. पलीकडे आष्टी. पूल नाही, डोंग्यातून (लाकडी होडीतून) पार व्हायचं. आमच्या खाडीत वाढलेल्या बाईला होडीचं काय भय! मी ऐटीत चढले. डोंग्यात आधीच एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, ठसठशीत कुंकू लावलेली, पुढ्यात ओल्या फडक्याने झाकलेली टोपली. फडकं हललं. मी विचारायलाही न थांबता ते उचललं आणि पाहते तो काय, वीतवीत लांबीचे जीव, निळ्या नांग्या, लांब मिशा! "शेवंड!" म्हणून मी उभीच राहिले. डोंगा डुचमळला, नावाडी ओरडला आणि माझा एक नारळ वैनगंगेला मिळाला.

ती बाई शांतपणे म्हणाली, "शेवंड नाई बाई, झिंगे होत हे." आमच्या कोळंबीची ही गोड्या पाण्यातली थोरली बहीण. बाईचं नाव भागाबाई. जातीने ढिवर (मासे धरणारी), पिढ्यान्‌पिढ्या याच नदीवर. नावाडी तिचाच नवरा. कुसुमचं नाव काढताच ती म्हणाली की रेंजरीणबाईंना तिने कितीदा तरी झिंगे नेऊन दिले, तिखटमीठ लावून भाजूनही दिले. "वास घेते अन् तोंड फिरवते. काऊन खात नाई त देवालेच मालूम." तिच्या बोलण्यात काळजी होती आणि थोडा रागही होता. तिच्या हातचं कुणी नाकारत नसावं. मला ती बाई एकदम ओळखीची वाटली.

आष्टीत घरी पोचलो तर कुसुम दारात आली नाही. खाटेवरून तिने हात पुढे केला; त्यातली बांगडी कोपरापर्यंत गेली. मला रडू आलं ते मी पोतं सोडण्याच्या गडबडीत लपवलं. म्हटलं, "उद्या तुला परसातली शेवंड." ती हसली, पण विश्वास ठेवलेला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भागाबाई ताजे झिंगे घेऊन हजर. मागच्या अंगणात मी मांडामांड केली. करवंट्या पुरेशा नव्हत्या, म्हणून धावड्याच्या लाकडाचे कोळसे पेटवले. झिंग्यांची मुंडकी मोडली, परडीत टाकली, शेपट्या चिरल्या, आगळ चोळलं. माझे हात असे चालले होते की स्वतःलाच कौतुक वाटावं. तेवढ्यात भागाबाई म्हणाली, "मुंडके काऊन फेकून राह्यल्या, बाई?"

मी म्हटलं, आमच्याकडे ती मांजराला घालतात. हे मी बोलायला नको होतं. तिने परडी आपल्याकडे ओढली आणि पाठ फिरवून बसली. नंतर वसंतरावांनी सांगितलं की तिच्या घरी झिंग्याचं मुंडकं मानाच्या माणसाला वाढतात. पाहुणा असेल तर पाहुण्याला, आणि घरात दोन जिवाची असेल तर पाहुण्याच्याही आधी तिला. मी तिच्यादेखत तो मान मांजराला दिला होता.

पण त्या वेळी मी माझ्याच तोऱ्यात. शेपट्या निखाऱ्यावर ठेवल्या. खोबरेलाचा वास दरवळला आणि, काय सांगू, आतून पावलं वाजली! कुसुम भिंतीला धरून एकटी चालत आली आणि चौकटीत उभी राहिली. डोळे चुलीवर. मी हरखून तिच्याकडेच पाहत राहिले आणि तिथेच घात झाला. शेवंडीचं कवच जाड, झिंग्याचं कांद्याच्या सालीसारखं. त्यात धावड्याचा निखारा करवंटीच्या दुप्पट कडक. भप्पकन जाळ उठला. फुंकर, चिमटा, पाणी, सगळं करेपर्यंत शेपट्यांचा कोळसा. कुसुमने पदर नाकाला लावला आणि ती आत गेली.

मी तिथेच मातीत बसून रडले. एवढ्या लांबून आले होते, आणि माझ्या हाताला यश नाही असं आजवर कधी झालं नव्हतं.

भागाबाईने थोडा वेळ रडू दिलं. मग विचारलं, "तो आंबट रस उरला का?" बाटली दिली. तिने बोट बुडवून चाखलं, एक डोळा मिटला, थुंकली आणि पुन्हा बोट बुडवलं. "लागते बरा," म्हणाली. मग आमचं दोघींचं सुरू झालं. मी नारळ खवला, लसूण ठेचली. तिने परडीतली मुंडकी धुतली. आतल्या पिवळ्या चरबीला धक्का न लावता. तिने लाल तिखट घालायला हात पुढे केला, मी धरला. मी खोबरेल ओतायला गेले, तिने माझा धरला. शेवटी थोडं तिचं, थोडं माझं असं भरून ती मुंडकी माहुलीच्या (एका रानवेलीच्या) रुंद पानांत बांधली आणि विस्तवात नव्हे, बाजूच्या गरम राखेत पुरली. आम्ही दोघी राखेकडे पाहत बसलो. 

पान उघडलं. वास आमच्या परसाचाही नव्हता आणि तिच्या चुलीचाही नव्हता. भागाबाई ताट घेऊन आत गेली, मी दाराआड. कुसुमने एक मुंडकं उचललं, ओठाला लावलं आणि चोखलं. पुन्हा चोखलं. मग मांडी घालून नीट बसली, भात मागितला, आगळाचा रस भातावर निथळून घेतला आणि मान वर न करता जेवली. ताट रिकामं झालं तेव्हा बाहेर ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "ताई, आणखी आहे?" ओट्यावर बसलेले वसंतराव उठून विहिरीकडे गेले. तोंड धुवायला, असं म्हणाले.

त्यानंतर आमच्या अंगणात रोज राख तापत होती. शेपट्याही पानात घालून जमू लागल्या. आजोबांची मोहफुलंही भाजून झाली. कुसुमच्या गालांवर मांस चढलं, ती सकाळी भागाबाईबरोबर नदीवर जाऊन झिंगे निवडून आणू लागली. मी मनात प्रवासाचे बेत करत होते. एक दिवस वाळूत बसलो असताना म्हटलं, आता तुला झेपेल, निघूया.

ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "ताई, मला घरची चव हवी होती. ती इथे मिळते हे तूच दाखवलंस. आता मी घर सोडून कुठे जाऊ?"

मला राग आला, वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. खायला घातलं कशाला, तर घेऊन जायला. आणि खाऊन ती राहिलीच. परतताना डोंग्यात भागाबाई पोचवायला आली. उरलेले नारळ नि आगळ मी तिच्याच ताब्यात दिलं. तिने मला माहुलीच्या वाळल्या पानांचा गठ्ठा दिला. पलीकडच्या काठावर आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो आणि मोटारवाला भोंगा वाजवत राहिला.

उंबरा ओलांडू दिला, पण आई माझ्याशी बोलेना. कुसुम बरी आहे, जेवते, हे ऐकूनही तिचा राग जाईना. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून शेवंड आणली. शेपूट भाजलं, आणि मुंडकं नेहमीसारखं मांजराकडे न टाकता, आगळ-खोबरं भरून, पानं भिजवून, त्यांत बांधून राखेत पुरलं. आईच्या ताटात ते वाढलं तेव्हा तिने भुवई वर केली. मी सांगितलं, कुसुमच्या गावी मानाच्या माणसाला हे वाढतात.

आई खाली मान घालून बराच वेळ जेवत होती. कवच अगदी कोरडं होईपर्यंत चोखलं. जन्मात खाडीपलीकडे न गेलेल्या माझ्या आईने मग हात धुतला, पदराला पुसला आणि माझ्या पोत्याकडे पाहून ती म्हणाली, "बाळंतपणाक मीच जातंय तकडे. ह्या पोत्यात नारळ किती मावतत?"