कट्यारीच्या टोकावरचं लिंबू

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी काही विचारलं की उत्तर आलंच पाहिजे, असं मला वाटतं. बर्मिंगहॅमला शिकायला आल्यावर याच सवयीने घात केला.

शनिवारी मी एका छोट्या संग्रहालयात व्हॉलंटियर म्हणून जायचे. तिथे एका इटालियन सरदाराचं चिलखत आहे. पोलादावर सोनेरी वेलबुट्टी, छातीवर सिंह, डोक्यावर पिसांचा तुरा. त्याच्यासमोर उभं राहून लोकांना दहा मिनिटं माहिती सांगून दाखवायची आणि जमलं तर गाइडचा बॅज. मला तो फार हवा होता. तिथला नियम एकच: माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं.

या परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबांना व्हिडिओ कॉलवर चिलखताचा फोटो दाखवला. बाबा कोल्हापुरात लग्नांमध्ये फेटे बांधतात.

“एवढं नटून हा लढायला गेला नसणार,” ते म्हणाले.

“नाहीच गेला. हे सामन्यांसाठी. घोड्यावरून समोरासमोर यायचे, भाल्याचं टोक बोथट असायचं.”

“मग नवरदेवच की. आपण नाही का त्याच्या कट्यारीला लिंबू खोचत?”

दुसऱ्या दिवशी मी हे जसंच्या तसं सांगितलं. लोक हसले. आमच्या सुपरवायझर बाईंनी विचारलं, “पण लिंबू कशासाठी?”

बाबांना हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मी म्हणाले, “कुणाला टोचू नये म्हणून. सेफ्टी.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. या देशात सेफ्टीला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. बाईंनी तर वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी बॅज देते.”

संध्याकाळी फोनवर हे ऐकून बाबा खूप वेळ हसत होते. “अगं, दृष्ट लागू नये म्हणून असतं ते. उद्या सांगशील फेटा म्हणजे हेल्मेट.”

आठवडाभर मी स्वतःला समजावलं की एका लिंबाने काही बिघडत नाही. शनिवारी पोचले तर बाई स्वतःच दहा-बारा जणांना भारतातल्या लग्नातली सेफ्टी समजावत होत्या. ते लोक कॅफेकडे वळले, तशी मी बाईंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. बॅज त्यांच्या हातातच होता.

“म्हणजे तुला माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“आणि मी ते बारा लोकांना सांगितलं.”

“हो.”

त्यांनी कॅफेच्या दाराकडे पाहिलं. “जा, त्यांचा केक संपायच्या आत खरं कारण सांगून ये.” मी निघाले तशी त्यांनी मला थांबवलं आणि बॅज माझ्या स्वेटरला लावला. “हा नसेल तर ऐकणार कोण तुझं?”

मी टेबलाटेबलावर जाऊन दृष्ट म्हणजे काय ते सांगितलं. एक आजोबा शांतपणे ऐकून म्हणाले, “मला आधीचं कारण जास्त पटलं होतं.”