पंखा थांबल्यावर

लाइट गेली आणि डोक्यावरचा पंखा घरघरत थांबला. अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात मी कानाभोवती सुया टोचून घेऊन पडले होते. मान हलवायची नाही, अशी ताकीद होती. पंखा थांबताच उजव्या कानातला आवाज वर आला. शिट्टी होण्याआधी कुकर फुसफुसतो ना, तसा. फक्त ही शिट्टी कधी होतच नाही. कानाच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, कानात घालायचं यंत्र झालं, "सवय करून घ्या" हेही ऐकून झालं. सुयांनी झोप जरा बरी लागते, एवढंच. बाहेरच्या गोंगाटावर दार लावता येतं. हा मात्र दाराच्या आत असतो, आपल्याबरोबर कोंडलेला.

पडद्यापलीकडच्या खाटेवरून एक बाई म्हणाल्या, "ताई, जाग्या आहात का? काहीतरी बोला ना. पंखा बंद झाला की माझा कान फार ओरडतो."

छताकडे बघत मी त्यांना चिंचगुळाच्या आमटीची कृती सांगू लागले. फोडणीपासून गुळापर्यंत आले आणि पंखा फिरू लागला. मी कृती तिथेच सोडली, त्यांनीही पुढचं विचारलं नाही. एरवी मी पंख्याच्याच जिवावर झोपते. त्या क्षणी मात्र मला त्याचा राग आला.