बॉटने खुद्द नानांनाच अडवलं

आम्हाला रोज कर्जतहून साजगावच्या कंपनीत नेणाऱ्या गाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक बॉट बनवलाय. 'गाडी रद्द' लिहिलं की तो सगळ्यांना एकदम निरोप पाठवतो. ही परवानगी फक्त गाडीचे मालक नाना यांना. पण बॉट नुसतं नाव बघायचा. मागच्या आठवड्यात एका मित्राने स्वतःचं नाव 'नाना' ठेवलं आणि गंमत म्हणून गाडी रद्द करून टाकली. म्हणून काल मी बॉटला नावाऐवजी नंबर तपासायला लावलं.

आज सकाळी खरंच गाडीचा क्लच गेला. नानांच्या फोनचं चार्जिंग संपलेलं, म्हणून त्यांनी बायकोच्या, म्हणजे काकूंच्या फोनवरून लिहिलं, 'गाडी रद्द.'

बॉट म्हणाला, 'तुम्हाला परवानगी नाही.'

'आरं मी नाना हाय, वळखत नाय का?'

'तुम्हाला परवानगी नाही.'

अख्खा ग्रुप हसत होता आणि मी स्टॉपवर नाचायचाच बाकी होतो. माझा कोड चालला होता.

तेवढ्यात काकूंच्याच फोनवरून नानांनी मला फोन केला. "गाडी माझी, आन मलाच परवानगी नाय?"

"नाना, परवानगी तुमच्या नंबरला आहे, तुम्हाला नाही."

मागून काकू म्हणाल्या, "मंग माझ्या नंबरला दे की रं. रोज सगळ्यांचे फोन मीच उचलते."

दिली. लगेच काकूंचा निरोप आला, 'गाडी रद्द. टेंपो निघालाय, थांबा.'

टेंपोचं नानांनाही ठाऊक नव्हतं.

तुमच्या ग्रुपवर परवानगी कोणाला आहे, आणि काम कोण करतं?